नदीकाठचा थोरला भाऊ

ब्रॅड पिट म्हटलं की होस्टेलमध्ये 'फाइट क्लब' नाहीतर 'ट्रॉय'चं नाव निघतं. त्याच्या आधीचा, १९९२ सालचा 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' फार थोड्यांनी पाहिलेला असतो. दिग्दर्शक रॉबर्ट रेडफोर्ड. ज्यांनी लावला त्यातले निम्मे पहिल्या अर्ध्या तासात झोपतात, आणि तेही साहजिकच आहे म्हणा! मारामारी नाही, सस्पेन्स नाही, गाड्यांचा पाठलाग नाही. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात एका पाद्र्याचं घर, त्याची दोन मुलं, आणि नदीच्या पाण्यात उभं राहून मासे पकडणं. बस्स, एवढंच. पण जे शेवटपर्यंत जागे राहतात, ते पिक्चर संपल्यावर लगेच काही बोलत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

पिक्चरमध्ये सगळ्यांचं लक्ष धाकट्या भावावर, म्हणजे ब्रॅड पिटच्या पॉलवर जातं. देखणा, हुशार, हट्टी, आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं वाटोळं करून घेणारा. मला मात्र जास्त कुतूहल वाटलं ते थोरल्याचं. कारण ही गोष्ट मुळात खरी आहे आणि ती लिहिणारा तो थोरला भाऊ, नॉर्मन मॅक्लीन. धाकटा गेला १९३८ मध्ये. नॉर्मनचं पुस्तक आलं १९७६ मध्ये. मधली ३८ वर्षं त्याने या विषयावर एक ओळ छापली नाही. आणि ते पुस्तक आल्यावर उरलेलं आयुष्य त्याने कशात घालवलं? तर जंगलातल्या एका जुन्या आगीचं गणित समजून घेण्यात. इंग्रजीचा प्रोफेसर आणि आगीचं गणित! इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये एका साहित्यिकावर लेख कशाला, असं कोणाला वाटत असेल तर त्याचं उत्तर तिथेच आहे. पण तिथपर्यंत पोचायला जरा वेळ लागेल.

पाद्र्याची मुलं

नॉर्मनचा जन्म २३ डिसेंबर १९०२ चा, आयोवा राज्यातल्या क्लॅरिंडा गावचा. वडील जॉन नॉर्मन मॅक्लीन हे प्रेस्बिटेरियन पंथाचे पाद्री, मूळ स्कॉटिश वळणाचे. आई क्लारा. धाकटा पॉल १९०६ चा. १९०९ मध्ये कुटुंब माँटानातल्या मिसूला गावी आलं आणि मुलं तिथलीच झाली. डोंगरांच्या मधोमध वसलेलं गाव, मधून वाहणारी क्लार्क फोर्क नदी, आणि गावाच्या थोडं वर तिला येऊन मिळणारी ब्लॅकफूट. पिक्चरच्या नावातली नदी ती हीच.

वडिलांनी नॉर्मनला सुरुवातीला शाळेत घातलंच नाही. घरीच शिकवलं. सकाळी अभ्यास आणि दुपारी मोकळीक. मग नदी, जंगल, काय हवं ते. पण सकाळचा अभ्यास कडक. निबंध लिहून दाखवायचा. वडील वाचणार आणि परत देणार, अर्धा कर म्हणून. अर्धा करून नेला की पुन्हा अर्धा. शेवटी चांगला जमला की सांगणार, आता फेकून दे! आपल्याकडे जर्नलचं पान भरावं म्हणून अक्षर मोठं काढणारी मंडळी आहेत, त्यांना हा प्रकार झेपणार नाही. पण पुढे सत्तरीत नॉर्मनने जे लिहिलं त्यात एक शब्द जास्तीचा सापडत नाही, त्याचं मूळ या सकाळच्या तासांत आहे. शेवटी सरकारी अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं की या वयाचा मुलगा शाळेत दिसत नाही, तेव्हा कुठे तो शाळेत गेला.

त्या घरात धर्माच्या खालोखाल दुसरी शिस्त होती ती फ्लाय फिशिंगची. हे प्रकरण समजावून सांगायला हवं, कारण आपल्याकडे मासे पकडणं म्हणजे जाळं नाहीतर गरी. गरीला आपण गांडूळ किंवा कोलंबी लावतो, दोराला शिशाचा तुकडा बांधतो आणि भिरकावतो. वजन पुढे जातं, दोर त्याच्या मागे. फ्लाय फिशिंगमध्ये नेमकं उलटं. गळाला पिसं आणि केस गुंडाळून केलेली एक खोटी माशी असते. तिला वजन जवळपास नाहीच. वजन असतं ते दोरालाच. म्हणजे फेकायची माशी नसते, दोर फेकायचा असतो, आणि माशी त्याच्या टोकाला बसून जाते.

आता हातातली काठी म्हणजे टोकाकडे निमुळता होत गेलेला कॅन्टिलिव्हर बीम समजा. मनगट आणि हाताच्या झटक्याने दोर मागे टाकला की तो हवेत मागे उलगडत जातो. पूर्ण उलगडला की त्याच्या ओढीने काठी वाकते, तिच्यात एनर्जी साठते. नेमक्या त्या क्षणी पुढे आणलं तर ती सगळी एनर्जी दोराला परत मिळते आणि तो लांब, सरळ जाऊन पाण्यावर अलगद उतरतो. क्षणभर आधी आणलं तर माशी चाबकासारखी फटकन तुटते, उशिरा आणलं तर दोर मागच्या झुडपात अडकतो. म्हणून ताल महत्त्वाचा. घड्याळाच्या काट्याच्या भाषेत दहा ते दोन एवढ्याच पट्ट्यात काठी हलवायची, आणि चार मोजायचे. वडील मुलांकडून हे मेट्रोनोम लावून घोटून घेत. तबल्याच्या क्लासला जाणाऱ्यांना हे लगेच कळेल.

नॉर्मन हे बरोबर शिकला. पॉलने शिकून मग मोडलं आणि स्वतःचा ताल तयार केला. बघणारे थक्क होऊन बघत राहायचे. दोघा भावांमधला फरक इथूनच दिसायला लागतो.

जंगल, कॉलेज आणि बिलियर्ड्स

पहिल्या महायुद्धात तरुण माणसं लढाईवर गेली आणि जंगल खात्याला हात कमी पडायला लागले. मिसरूड न फुटलेल्या पोरांनाही काम मिळायला लागलं. नॉर्मन त्यातलाच एक. खेचरांवर सामान लादणं, वाटा साफ करणं, आग विझवायला जाणं, हे सगळं त्याने शाळेच्या वयात केलं. जंगलातली आग पुढे त्याच्या आयुष्यात परत येणार आहे, एवढं लक्षात ठेवा.

नंतर तो अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, डार्टमथ कॉलेजला शिकायला गेला आणि १९२४ मध्ये पदवीधर झाला. तिथे कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्या वर्गात बसायला मिळालं. आणि आपल्या संपादक मंडळाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे कॉलेजच्या 'जॅक-ओ-लँटर्न' या विनोदी मासिकाचा तो संपादक होता. त्याच्यानंतर त्या खुर्चीवर बसला थिओडोर गाइझेल, म्हणजे लहान मुलांचा जगप्रसिद्ध लेखक डॉ. सूस. कॉलेज मॅगझिनमधून कोण बाहेर पडेल सांगता येत नाही, एवढंच यावरून म्हणतो.

दोन वर्षं तिथेच शिकवून तो माँटानाला परत आला, जंगलात राबला, आणि १९२८ मध्ये शिकागो युनिव्हर्सिटीत पुढच्या शिक्षणासाठी गेला. १९३१ मध्ये लग्न. बायको जेसी बर्न्स, माँटानातल्याच वुल्फ क्रीक या छोट्या गावची.

शिकागोतली एक गोष्ट खास आपल्यासाठी. फिजिक्सच्या पुस्तकात ज्यांचा इंटरफेरोमीटर आपण सगळ्यांनी रट्टा मारून लिहिलाय, ते मायकेलसन तेव्हा तिथे होते. विज्ञानाचं नोबेल मिळवणारे पहिले अमेरिकन, १९०७ चं. प्रकाशाचा वेग मोजणारा हा म्हातारा युनिव्हर्सिटीच्या क्लबात बिलियर्ड्स खेळायचा आणि खेड्यातून आलेला हा साहित्याचा पोरगा बाजूला बसून बघत राहायचा. यावर त्याने १९७५ मध्ये एक सुंदर लेख लिहिला. हातात कसब असलेल्या माणसाचं काम डोळे भरून पाहणं, ही सवय त्याला होतीच. लहानपणी नदीकाठी पॉलला पाहून लागली होती.

शिकागोतच तो शिकवायला लागला आणि शिकवतच राहिला, थेट १९७३ पर्यंत. इथून पुढे त्यांना अरे-तुरे करणं बरं दिसणार नाही. मॅक्लीन सर म्हणू या. शेक्सपिअर आणि रोमँटिक कवी हे त्यांचे विषय. पदवीच्या मुलांना उत्तम शिकवल्याबद्दलचं युनिव्हर्सिटीचं बक्षीस त्यांना तीन वेळा मिळालं, १९३२, १९४१ आणि १९७३ मध्ये. पहिलं आणि तिसरं यांच्यात ४१ वर्षांचं अंतर आहे. म्हणजे मुलांच्या दोन पिढ्या बदलल्या तरी सरांचा तास कंटाळवाणा झाला नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर मिलिटरी नकाशे आणि विमानातून काढलेले फोटो कसे वाचायचे यावर एक मॅन्युअल लिहिलं, ते १९४३ मध्ये निघालं. सिव्हिलवाल्यांनी सर्व्हेइंगच्या तासाला हे सांगायला हरकत नाही.

पण पुस्तकांच्या बाबतीत सरांची पाटी कोरी. जनरल कस्टर आणि १८७६ ची लिटल बिगहॉर्नची लढाई या विषयावर काही वर्षं खपले आणि ते अर्धवट सोडलं. आजच्या भाषेत पब्लिकेशन लिस्ट अगदीच बारीक. ३८ वर्षं मनात काय चाललं होतं ते कोणाला माहीत?

पॉल

पॉलही डार्टमथला शिकला, १९२८ मध्ये पदवीधर झाला, मग माँटानात परत येऊन हेलेना शहरात वर्तमानपत्रात वार्ताहर झाला. बातमीदार चांगला, लिहिणारा चांगला, मासे पकडणारा तर असा की त्याच्या तोडीचा आजूबाजूला कोणी नाही. पण दारू आणि पत्ते. जुगारात देणं वाढत जाणं, मारामाऱ्या, रात्री-बेरात्री पोलिसांचा फोन. घरच्यांना दिसत होतं. विचारायची सोय नव्हती. तो हसून विषय बदलायचा, आणि नदीवर गेला की इतका सुंदर दिसायचा की विचारणारा स्वतःच गप्प बसायचा.

नंतर पॉल शिकागोला आला. थोरला भाऊ होता त्याच युनिव्हर्सिटीत, प्रसिद्धी विभागात नोकरीला. वाचताना आपल्याला वाटतं, चला, आता भावाच्या नजरेसमोर आहे, सुधारेल. २ मे १९३८ च्या पहाटे तो शिकागोतल्या एका बोळात बेदम मारहाण झालेल्या अवस्थेत सापडला आणि त्यातच गेला. वय तिशीच्या जरा पुढे. मारणारे कोण, कशासाठी मारलं, याचा छडा कधीच लागला नाही. वडील तीन वर्षांनी, १९४१ मध्ये गेले.

पिक्चर पाहिलेल्यांना इथे एक फरक जाणवेल. पुस्तकात आणि पिक्चरमध्ये पॉल माँटानातच मरतो. नॉर्मनची शिकागोची नोकरी, लग्न, सगळं रेडफोर्डने १९२० च्या दशकात ओढून आणलंय. पण खुद्द मॅक्लीन सरांनीही गोष्टीत तो मृत्यू शिकागोतून उचलून माँटानात नेला होता. का नेला, याबद्दल माझा अंदाज सांगतो. खऱ्या आयुष्यात भाऊ आपल्याच शहरात होता, हाकेच्या अंतरावर, आणि तरी काही करता आलं नाही. गोष्टीत निदान त्याला त्याच्या नदीजवळ तरी ठेवता आलं. हा अंदाजच आहे, पण पुस्तक वाचताना तसं वाटत राहतं.

गोष्टीतला एक प्रसंग विसरता येत नाही. पॉल गेल्याची बातमी नॉर्मन घरी सांगतो. मारामारीत पॉलच्या हाताची जवळपास सगळी हाडं मोडली होती, हेही सांगतो. वडील फक्त एवढंच विचारतात की कोणता हात. उजवा, म्हणजे दोर फेकायचा. याचा अर्थ पॉल शेवटपर्यंत लढला, असा म्हाताऱ्या बापाने स्वतःपुरता दिलासा काढला. त्यापलीकडे घरात कोणाकडेच काही नव्हतं.

सत्तरीत पहिलं पुस्तक

१९६८ मध्ये जेसी गेल्या. १९७३ मध्ये सर रिटायर झाले. मुलगी जीन आणि मुलगा जॉन लहान असताना सर त्यांना माँटानाच्या गोष्टी सांगत. त्या लिहून काढा, असा मुलांचाच आग्रह पडला. माँटानात सीली लेक या तळ्याकाठी वडिलांच्या काळातलं लाकडी घर होतं, उन्हाळा तिथे काढायचा आणि लिहायचं.

न्यूयॉर्कच्या प्रकाशकांनी पुस्तक परत पाठवलं. एकाची तक्रार तर अशी की या गोष्टींमध्ये झाडं फार आहेत! शेवटी शिकागो युनिव्हर्सिटीच्याच प्रेसने १९७६ मध्ये ते छापलं. या प्रेसने तोवर कधीच नवीन कथा-कादंबरी छापली नव्हती. लेखकाचं वय ७३. पुढच्या वर्षी पुलित्झरच्या परीक्षकांनी कादंबरी विभागासाठी याच पुस्तकाची शिफारस केली, पण मंडळाने त्या वर्षी कोणालाच बक्षीस दिलं नाही. पुस्तक तरी चाललंच. हातातून हातात गेलं. मासेमारीबद्दल म्हणून घेतलं आणि भावाबद्दल वाचून ठेवून दिलं, असं अनेकांचं झालं.

गोष्टीचा गाभा एका प्रश्नात आहे. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला मदत कशी करायची? नॉर्मन आणि वडील नदीकाठी बसून यावर बोलतात. वडिलांच्या बोलण्याचा आशय असा की मदत म्हणजे स्वतःतला काही भाग दुसऱ्याला देणं. पण कोणता भाग द्यायचा ते आपल्याला कळत नाही, कळला तर तो आपल्याकडे नसतो, आणि असला तरी समोरच्याला तो नको असतो. आणि तरीसुद्धा, माणूस पूर्ण समजला नाही म्हणून त्याच्यावरचं प्रेम अपुरं राहत नाही. पाद्री असूनही वडील यापुढे काही उपदेश करत नाहीत. प्रश्न तसाच राहतो.

आगीचं गणित

आता शेवटची १४ वर्षं. बहुतेक माणसं एवढं यश मिळाल्यावर सत्कार घेत फिरतात. मॅक्लीन सर एका दरीत चढायला गेले.

५ ऑगस्ट १९४९. माँटानात मिझूरी नदीच्या काठी मॅन गल्च नावाची एक अरुंद, उभ्या उताराची दरी. तिथे वणवा लागला. मिसूलाहून विमान निघालं, त्यातून १५ स्मोकजंपर उतरले. म्हणजे पॅराशूटने थेट आगीजवळ उड्या टाकणारे जवान. बहुतेक पोरं विशी-बाविशीची, आपल्या थर्ड इयर-फायनल इयरच्या वयाची. खाली आधीपासून असलेला एक जण धरून १६. सगळे नदीकडे उतरत असताना त्यांचा प्रमुख वॅग डॉज याला दिसलं की आग दरीच्या तोंडाशी आपल्या वाटेवर आली आहे. सगळे वळले आणि उंच वाळलेल्या गवतातून चढावर धावायला लागले. आग मागे.

आता धावून उपयोग नाही हे ओळखून डॉजने एक विचित्र गोष्ट केली. काडी पेटवली आणि समोरच्या गवताला आग लावली. ते गवत जळून गेलं, मग तो त्या राखेत पालथा पडून राहिला. इंधन आधीच जळून गेल्यावर मोठ्या आगीला तिथे जळायला काही उरणार नाही, असं साधं लॉजिक. त्याने बाकीच्यांनाही आत बोलावलं. कोणी आलं नाही. मागे आग असताना प्रमुख पुढे दुसरी आग लावतोय, हे त्या पोरांना वेडेपणा वाटला असणार. डॉज वाचला. रॉबर्ट सॅली आणि वॉल्टर रम्सी हे दोघं कड्याच्या एका फटीतून वर निसटले. बाकीचे १३ गेले. पुढे काही पालकांनी आरोप केला की आमची मुलं डॉजच्याच आगीने मारली. डॉज १९५५ मध्ये आजारपणात वारला.

सर त्याच ऑगस्टमध्ये ती जळती दरी बघून आले होते. १९७८ मध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी, सॅली आणि रम्सी यांना बरोबर घेऊन ते पुन्हा तो चढ चढले. जंगल खात्यातला लेअर्ड रॉबिन्सन हा त्यांचा सोबती. कोण कुठे होता, किती वेळात किती अंतर गेला, क्रॉस कुठे उभे आहेत, सगळं पावलाने मोजलं. आणि मग पोचले मिसूलाच्या फायर लॅबमध्ये.

तिथे रिचर्ड रॉदरमेल होता, मूळचा एरोनॉटिकल इंजिनिअर. १९७२ मध्ये त्याने जंगलातली आग किती वेगाने पसरेल याचं गणिती मॉडेल मांडलं होतं. गवत किती, त्यात ओल किती, वारा किती, उतार किती, हे घाला आणि वेग काढा. त्यानंतरच्या कितीतरी फायर मॉडेल्सचा पाया तेच आहे. शेक्सपिअर शिकवून रिटायर झालेले सर, गणिताशी झगडत, या लोकांजवळ बसून ते समजून घ्यायला लागले. शेवटी एक ग्राफ तयार झाला. एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर अंतर. एक रेघ माणसांची आणि एक आगीची. चढ वाढतो तशी माणसांची रेघ मंदावते, आगीची मात्र वर वळते, कारण उतारावर ज्वाळा पुढच्या गवताला आधीच तापवत जाते. दोन रेघा जिथे मिळतात तिथे क्रॉस आहेत. रॉदरमेलने १९९३ मध्ये यावर स्वतंत्र रिपोर्ट काढला आणि त्याच्या शीर्षकातच म्हटलं की ही शर्यत जिंकता येण्यासारखी नव्हतीच.

आपण असले ग्राफ दर सबमिशनला काढतो. पण त्या दोन रेघांचा छेदबिंदू म्हणजे एकेका घरातला मुलगा, हे लक्षात ठेवून काढलेला ग्राफ मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

हे सगळं का? या प्रश्नावर मी बराच विचार केला. मला असं वाटतं की पॉलच्या बाबतीत सरांना ग्राफ मिळाला नव्हता. कोणत्या वळणावर काय केलं असतं तर तो वाचला असता, हे सांगणारं मॉडेल नव्हतं, साक्षीदार नव्हते, मारणाऱ्याचं नावसुद्धा नव्हतं. मॅन गल्चमध्ये निदान मोजता येण्यासारखं काही होतं. तीही तरुण, धडधाकट, आपल्या कामात तरबेज पोरं. तिथेही कोणीतरी मदतीला हाक मारली होती आणि ती मदत ओळखू आली नाही. ज्या प्रश्नाला उत्तर मिळणं शक्य होतं तो त्यांनी उत्तरापर्यंत नेला. ज्याला नव्हतं तो गोष्टीत लिहून ठेवला. कष्ट दोन्हींवर सारखेच.

आगीचं पुस्तक त्यांच्या हातून पुरं झालं नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी शिकागोत ते वारले, वय ८७. प्रेसने हस्तलिखित नीट लावून 'यंग मेन अँड फायर' या नावाने १९९२ मध्ये छापलं आणि त्याला नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलचं बक्षीस मिळालं. रेडफोर्डचा पिक्चरही त्याच वर्षीचा. तोही सरांना पाहायला मिळाला नाही. छायाचित्रणासाठी त्याला ऑस्कर मिळालं, फिलिप रूसेलो यांना. गंमत म्हणजे त्यातली नदी बहुतेक ब्लॅकफूट नाहीच. झाडतोड आणि खाणींनी ती तोवर इतकी बिघडली होती की शूटिंग दुसऱ्या नद्यांवर करावं लागलं. पिक्चरनंतर लोकांचं लक्ष तिच्याकडे गेलं, सुधारणेला जोर आला, आणि तिच्या मुखाजवळचं मिलटाउनचं १९०८ सालचं धरण २००८ मध्ये फोडून नदी मोकळी केली गेली. मुलगा जॉन पत्रकार झाला. १९९४ मध्ये कोलोरॅडोतल्या एका वणव्यात १४ जण गेले, त्यावर त्याने पुस्तक लिहिलं. वडिलांचं काम घरातच राहिलं म्हणायचं.

मित्रांनो, प्रत्येक विंगमध्ये एखादा पॉल असतोच. सगळ्यात हुशार, सगळ्यात हसरा, कॅरममध्ये नाहीतर कोडिंगमध्ये ज्याचा हात कोणी धरणार नाही असा. आणि हळूहळू तासांना यायचा बंद होतो, मेसला दिसत नाही, उधारी वाढते, विचारलं की हसून विषय बदलतो. त्याच्याशी काय बोलायचं हे मॅक्लीन सरांनाही आयुष्यभर कळलं नाही, मग आपल्याला लगेच कळेल असं नाही. पण कळत नाही म्हणून दार वाजवायचं थांबवू नये, एवढं मी त्यांच्याकडून घेतलं. एकदा नाही उघडलं तर दुसऱ्यांदा वाजवा. सरांच्या स्टाफ रूमचं दारही याच कामासाठी वाजवता येतं, हेही सांगून ठेवतो.

पिक्चर मिळाला तर बघा. पुस्तक त्याहून चांगलं आहे आणि त्यातली ही गोष्ट शंभर-सव्वाशे पानांत संपते. सबमिशनच्या आठवड्यात मात्र हातात घेऊ नका. वाचून झाल्यावर घरी भावाला किंवा बहिणीला फोन करावासा वाटतो, आणि तो लवकर संपत नाही.